मागे ये

"मागे ये," ताई म्हणाल्या, आणि इतक्या मायेने म्हणाल्या की तिला आधी वाटलं, फरशीवर काहीतरी सांडलंय आणि त्या आपल्याला जपायला सांगताहेत. तिने खाली पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. शिबिराच्या त्या लांबट दालनात सकाळीच खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या होत्या, आणि विद्यार्थी गटातली सगळी पोरं एका रांगेत उभी राहून ताईंच्या प्रश्नांप्रमाणे सरकत होती. उत्तर हो असेल तर एक पाऊल पुढे, नाही असेल तर एक मागे. कुणाला आयुष्यात आयतं काय मिळालं आणि कुणाला काय मिळालं नाही, हे आपलं आपल्यालाच दिसावं म्हणून हा खेळ. ताईंनी कार्डावरून वाचलं होतं, "लहानपणी घरी खेळायला मोकळी जागा होती?" आणि ती एक पाऊल पुढे गेली होती. विचारसुद्धा केला नव्हता. कुणी तहान लागलीय का विचारल्यावर माणूस हो म्हणतो, तितक्या सहज. आणि सकाळपासून कुणाच्याच पावलाबद्दल अवाक्षर न काढलेल्या ताई कार्ड खाली करून तिच्याकडे बघत होत्या. "इथे तुला कुणी हसणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रामाणिकपणे, हं? ये मागे."

माना वळल्या. फक्त एक मान वळली नाही, ती गुंडीची. गुंडी म्हणजे वसतिगृहातली तिची खोलीसोबतीण. ठेंगणी, गोल आणि सदैव कुठेतरी अडकलेली, म्हणून गुंडी. ती आपल्या चपलांकडे बघत होती, जणू त्या आजच घेतल्या होत्या. मग काय समजायचं ते समजलं. गुंडीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही एकदा तापात पडलेली असताना तिने गुंडीला सगळं सांगितलं होतं. बाबा लिफ्टमन, कचेऱ्यांची नऊ मजली इमारत, आणि सगळ्यात वर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीला लागून एक खोली, त्यात तिघं. गुंडीने ते पोटात ठेवलं नाही, पण वाईटपणानेही ओकलं नसणार. ताईंना प्रेमानेच सांगितलं असणार, डोळ्यांत पाणी आणून. प्रेमाने केलेल्या गोष्टींचा हाच तर वैताग असतो, धड भांडताही येत नाही. पण यात खोटं काय होतं? खोली एक होती, कबूल. कपाट उघडलं की दार उघडायचं नाही, कबूल. पण सहाला कचेऱ्या बंद झाल्या की बाहेरची ती अख्खी गच्ची तिची. आई केरसुणी फिरवायची आणि मग ती खडूने घर आखायची. आज पाच खोल्यांचं, उद्या अकरा खोल्यांचं, मनात येईल तिथे जिना, मनात येईल तिथे खिडकी. पाण्याच्या टाकीखाली तिचं ग्रंथालय होतं. कठड्याच्या जाळीला नाक लावलं की नाकावर गंजाची चौकट उमटायची आणि खाली शहरभर दिवे लागत जायचे, आणि ते आपण लावतोय असं ती बराच काळ धरून चालली होती. मोकळी जागा? अहो, त्या उंचीवर दुसरं पोरच नव्हतं शहरात. या रांगेत कुणाला एवढी जागा मिळाली होती? तिथे पहिल्या ओळीत उभा असलेला, गटात सगळे ज्याला बॅरिस्टर म्हणतात तो, ज्याच्या घरापुढे बाग आहे आणि बागेत शिरायचं तर माळ्याला विचारावं लागतं असं तो स्वतःच हसत सांगतो, त्याला मिळाली होती?

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे पाऊल बरोबर आहे माझं."

ताईंनी समजूतदारपणे मान हलवली. ही मान तिला माहीत होती. रुग्णाने औषध थुंकल्यावर परिचारिका अशी मान हलवतात. पुढचा प्रश्न आला. घरात पुस्तकं होती का? होती की. कचेऱ्या जे फेकायच्या ते सगळं बाबा वर आणायचे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, जुन्या दूरध्वनी याद्या, कुठल्याशा कंपनीचे एका बाजूला छापलेले आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ कोरे असलेले गठ्ठेच्या गठ्ठे. एक पाऊल पुढे. आजारी पडल्यावर डॉक्टर घरी यायचे का? तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांचाच दवाखाना होता, जाताजाता ते लिफ्टने वर येऊन जीभ बघून जायचे, कारण बाबांनी लिफ्ट खाली न नेता थेट वर आणलेली असायची. पुढे. आता तिच्या अंगात वारं शिरलं होतं. पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी दुसऱ्याला गप्प केलं. मग ताईंनी कार्ड न बघता, थेट तिच्यावर नजर ठेवून विचारलं, "ज्यांच्या आईवडिलांचा त्यांच्यादेखत कुणी कधीच अपमान केला नाही, त्यांनी पुढे." यंत्राच्या खोलीतल्या वंगणाचा तो जड, गोडसर वास नाकात आला, इथे, या फिनेलने पुसलेल्या दालनात. आणि ती पुढे गेली. हे पाऊल खोटं होतं. आधीची सगळी खरी होती आणि हे एक खोटं होतं. त्यातला फरक या दालनात तिच्याखेरीज कुणालाही कळणार नव्हता, आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं. काहीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखं. ती सरळ बॅरिस्टरच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू इथे कशी?" तो कुजबुजला.

"चालत," ती म्हणाली.

बॅरिस्टर म्हणजे गटाचा बोलका पोपट. वाईट मुलगा नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. चहा आधी दुसऱ्याला देणारा, पोस्टर रंगवताना गुडघ्यावर बसणारा. पण गट जो संध्याकाळचा वर्ग चालवायचा त्याचं प्रमुखपद त्याला हवं होतं आणि तिलाही हवं होतं, आणि निवड याच शिबिरात व्हायची होती. वर्ग मोठ्या माणसांचा. इमारतींचे पहारेकरी, झाडूपोछा करणाऱ्या बाया, उपाहारगृहांत भांडी घासणारी माणसं, यांना लिहा-वाचायला शिकवायचं. भरायचा सहाला, कारण सहाला विद्यार्थी मोकळे व्हायचे. आणि सहालाच पहारेकऱ्यांची पाळी बदलते, सहालाच कचेऱ्या रिकाम्या होऊन बायांचं काम सुरू होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग, त्यांनीच यायचं नाही अशी सोय. दोन वर्षं ती तिथे शिकवत होती आणि दोन वर्षं घसा कोरडा करत होती की वर्ग दुपारी तीनला भरवा. बॅरिस्टर म्हणायचा, तीनला आपली व्याख्यानं असतात, आणि शेवटी त्यांनीही शिक्षणासाठी थोडं जुळवून घ्यायला नको का? थोडं. या 'थोडं' शब्दावर तिची एका रात्रीची झोप गेली होती. प्रमुखपद मिळालं तर वेळ ठरवायचा अधिकार मिळणार होता. तिला तेवढंच हवं होतं. बाकी प्रमुख म्हणवून घेण्याची हौस तिला नव्हती असंही नाही. होती, आणि का नसावी?

चहाच्या सुट्टीत ती हात धुवायला गेली, तर ताई मागोमाग. नळावर त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि आरशात तिच्याकडे बघितलं. त्या दमलेल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, चपलेच्या पट्ट्याने पाऊल सोललेलं. गावोगाव शिबिरं घेत फिरतात, कुणी बोलावलं की जातात, मिळेल तिथे झोपतात. "रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"मला माझं घर चुकीचं आठवतंय असं तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, ताई."

"अगं, सोसलेलं सोसलेलं वाटू नये म्हणून मन काय काय रचतं. मी ओळखते ते. मीही त्याच रांगेत सगळ्यात मागे होते एकदा. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग संध्याकाळी खुर्चीवर बसले, बोलले, आणि माझं आयुष्य बदललं. आज मी जी आहे ती त्या खुर्चीमुळे." त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "आज वर्तुळात तू तुझं सांग. मनापासून सांग. मग प्रमुखपदासाठी दुसऱ्या कुणाचा विचारच कुणाच्या मनात येणार नाही. मी सांगते ना. बॅरिस्टरसुद्धा तुझंच नाव सुचवेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काय," ताई म्हणाल्या, "मग तू त्यांच्यासारखीच एक. आणि त्यांच्यात तो जास्त चांगला बोलतो."

हे त्यांनी दुष्टपणे सांगितलं नाही. बाजारात ओळखीचा माणूस भाव सांगतो तसं सांगितलं. आणि भाव बरोबरच असणार, त्याचीच तिला धास्ती. ताई गेल्या तरी ती नळापाशी उभी राहिली. पाणी बंद करायचं राहिलं होतं. काल रात्री आल्या आल्या ताईंनी स्वतःची कहाणी सांगितली होती, आणि मागच्या शिबिरातही सांगितली होती, आणि दोन्ही वेळा आईच्या फाटक्या शालीपाशी येऊन त्या थांबल्या होत्या, श्वास घेतला होता आणि वर बघितलं होतं. दोन्ही वेळा सगळे रडले होते, ती स्वतःही. खोटी नव्हती ती शाल. पण इतकी बाहेर काढलेली वस्तू अंगावर घ्यायला उरत असेल का? आणि मागच्या वर्षी खुर्चीवर बसलेला तो गणितवाला. दुकानाच्या फळीवर झोपून शिकलेला. त्याने सगळं सांगितलं, मुलींनी मिठ्या मारल्या, कुणीतरी आपला स्वेटर काढून दिला, उन्हाळ्यात. पुढे गटात कुठेही भुकेचा विषय निघाला की त्याच्याकडे माना वळायच्या, "त्याला विचारा, त्याला माहीत." गणिताचं कुणी कधी विचारलं नाही. त्याच्याइतकं गणित गटात कुणालाही येत नव्हतं, पण त्याच्या वाट्याला भूक आली होती ना, मग गणित कशाला? हळूहळू तो यायचा थांबला. गटाच्या सभेत त्यावर हळहळ व्यक्त झाली आणि पुढचा विषय घेतला गेला.

जेवणाआधी वर्तुळ भरलं. खिडक्यांतून तिरपं ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. सगळे जमिनीवर, मांडी घालून, आणि मधोमध एकच खुर्ची. पायाची एक टोपी हरवलेली, त्यामुळे डुगडुगणारी. रीत अशी की मागे राहिलेल्याला ताई खुर्चीवर बोलावतात, बाकीचे खाली बसून ऐकतात. मान द्यायचा म्हणून त्याला वर बसवायचं. "आज रांगेत जी सगळ्यात पुढे गेली," ताई हसून म्हणाल्या, आणि त्या हसण्यात माफी आगाऊच देऊन टाकलेली होती, "तिला आपण बोलावू या. वेळ घे, बाळा." ती उठली. गुंडीने तिचा हात दाबला, ओल्या हाताने. ती जाऊन बसली, खुर्ची डुगडुगली, आणि सगळे चेहरे वर झाले. केवढे चांगले चेहरे होते ते! खरोखर ऐकायला तयार, आधीच थोडे दुखावलेले, भिजायला टेकलेले. त्यांच्याकडे बघून तिला कळलं की आपण हे किती सुंदर करू शकू. कुठून सुरुवात करायची तेही समोर आलं: रात्री भिंतीला तळहात लावून झोपायची ते. उशिरापर्यंत थांबलेल्या कुणाला बाबा खाली न्यायचे तेव्हा भिंतीपलीकडे चाक फिरायचं, दोर ताणला जायचा, आणि तळहाताला येणाऱ्या थरथरीवरून तिला समजायचं की बाबा आता कितव्या मजल्यावर आहेत. अजूनही वसतिगृहाची भिंत मुकी वाटते म्हणून झोप लागत नाही. एवढ्यावरच निम्मे गारद झाले असते. मग बाबांचे गुडघे. मग आई. आणि मग, अगदी शेवटी, आवाज खाली आणून, ते.

ते म्हणजे सातव्या मजल्यावरच्या साहेबांची मुलगी. तिच्याच वयाची, पांढरे मोजे. वाढदिवसाला बापाचं ऑफिस बघायला आली होती आणि तिला लिफ्ट चालवायची होती. साहेबांनी बाबांना स्टुलावरून उठवलं. "आज बाईसाहेब चालवतील, तू प्रवासी हो." आणि बाबा प्रवासी झाले. तळमजल्यावर दार उघडलं की बाबा टोपी काढून वाकायचे, "सातवा मजला, बाईसाहेब," आणि ती पोरगी बापाच्या आवाजात खेकसायची, "उशीर का झाला? पगार कापू?" आणि लोक हसायचे. पुन्हा खाली, पुन्हा वर. आपण शाळेतून येऊन दप्तर मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलेलो. बाबा काय करत होते? बाबा हसवत होते. दर खेपेला काहीतरी नवं काढत होते. एकदा लंगडले, एकदा रडायचं सोंग केलं, एकदा खिसे उलटे करून दाखवले, आणि लोकांच्या हसण्याच्या मध्ये नेमके थांबत होते. ते उत्तम करत होते. कुणी जबरदस्ती केली, कुणी शिव्या दिल्या, असं काहीच नव्हतं. सगळे खूष होते, साहेबांनी पाठ थोपटली, केकचा तुकडा दिला. तो बाबांनी वर आणला आणि तिने खाल्ला नाही, आणि का खात नाहीस याचं उत्तर तिला तेव्हा देता आलं नाही. इतकी वर्षं ती समजत होती की राग त्या पोरीवर आहे, साहेबांवर आहे. होताच. पण आता या डुगडुगत्या खुर्चीवर, भिजायला टेकलेल्या चेहऱ्यांसमोर बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की खरी भीती वेगळीच होती. आपण त्यांचीच मुलगी आहोत. आपल्यालाही कुठे थांबायचं ते कळतं. आपण आत्ता तोंड उघडलं तर उत्तम करू, पाठ थोपटून घेऊ आणि तीन वाजताचा वर्ग बक्षीस म्हणून वर घेऊन जाऊ. बाबांना तरी दुसरा इलाज नव्हता. घर साहेबांच्या मर्जीवर होतं. आपल्याला इलाज आहे. मग आपल्याला कुणी माफ करायचं?

"वेळ घे," ताई पुन्हा म्हणाल्या.

"घेतला," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी सांगणार नाही. ते माझ्या घरचं आहे. मला संध्याकाळचा वर्ग हवाय. तो तीनला भरवायचाय. दोन वर्षं मी तिथे शिकवलंय. बरं शिकवलं की वाईट, ते विचारा. तीनला कोण येणार आणि शिकवायला कोण असणार, ते विचारा. जे विचारायचं ते विचारा, मी बसलेय."

कुणी काही विचारलं नाही. चेहरे खाली आले; काहींवर, लपवायचं म्हटलं तरी, खेळ रद्द झाल्याची निराशा होती. बॅरिस्टर खाकरला. "तुझे मुद्दे बरोबर असतील. पण हे सत्र त्यासाठी नाही ना."

"मग कशासाठी आहे?"

"विश्वासासाठी," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता खरोखर दुखावलेला होता. "एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून आपण स्वतःला उघडं करतो."

"मग बॅरिस्टरने कधी केलं?" ती म्हणाली. "पुढच्या रांगेतलं कोण आजवर या खुर्चीवर बसलं? त्याच्यावर विश्वास ठेवताना तुम्ही त्याच्या बापाबद्दल काही विचारलं नाहीत. माझ्यावर ठेवायला माझा बाप कशाला लागतो?"

स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. गुंडी रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं, तिने ओठ दाबून धरले होते. बॅरिस्टर लाल झाला. बोलका माणूस गप्प बसला की त्याचं नुकसान होतं हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो उठून उभा राहिला. "ठीक आहे. उद्यापर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच हात वर करू या. ज्यांना वर्ग हिच्याकडे द्यावासा वाटतो, त्यांनी करा."

हात वर झाले. गुंडीचा सगळ्यात आधी, आणि मग इकडे एक, तिकडे एक, दाराशी बसलेल्या दोघी. मोजायची गरजच नव्हती. बॅरिस्टरसाठी जे हात आले त्यांत कालपरवा तिच्याच खोलीत येऊन चहा प्यायलेली पोरं होती, आणि त्यांनी हात अर्धेच वर केले, कोपरातून, लाज वाटल्यासारखे. अर्धे हातही मोजले जातात. खोटं कशाला बोला? तिला तो वर्ग फार हवा होता. एक क्षण असाही आला की अजूनही वेळ आहे, आत्ताही थरथरत्या भिंतीपासून सुरुवात केली तर हे सगळे हात पालटतील, हे तिला दिसलं. तिने तो क्षण जाऊ दिला. तो जाताना चांगलाच दुखला.

"अभिनंदन," ती बॅरिस्टरला म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "सोमवारपासून सहाचा वर्ग तुझा. मी तीनचा घेईन."

"म्हणजे? वर्ग एकच आहे."

"सहाचा एकच आहे. तीनला अजून कुणी घेत नाही."

"आणि जागा?" त्याने आवाज मऊ ठेवायचा प्रयत्न केला. "खोली गटाच्या नावावर आहे. किल्ली प्रमुखाकडे असते."

"तुझ्याकडे येईल ती दुसरी किल्ली," ती म्हणाली. "पहिली पहारेकऱ्यांकडे असते. रोज खोली तेच उघडतात, झाडतात, खुर्च्या लावतात. मी शुक्रवारी त्यांना विचारलं होतं, तीनला उघडाल का. ते म्हणाले, उघडतो, पण मग आम्हालाही बसू द्या."

ताईंनी आपलं सोललेलं पाऊल चपलेतून काढून फरशीवर टेकवलं होतं आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो समजूतदारपणा कुठेतरी गेला होता. त्या नुसत्याच दमलेल्या दिसत होत्या, आणि पहिल्यांदाच तिला त्या आवडल्या. जेवायला बोलावणं आलं. गुंडी तिच्या मागोमाग धावत आली आणि नाक ओढत म्हणाली, "तीनला मला व्याख्यान असतं."

"असू दे की."

"बुडवीन," गुंडी म्हणाली. "फक्त मला काय शिकवायचं ते सांग."

"आधी तोंड बंद ठेवायला शीक," ती म्हणाली, आणि दोघी जेवायला गेल्या.